चष्मेवाल्याची होडी आणि वहिनींचा हात

साठी उलटूनही चष्मा न लावणारा माणूस आमच्या गावात एकच होता, आणि तो होता चष्म्याच्या दुकानाचा मालक.

गावातल्या निम्म्या नाकांवर याच्या दुकानातल्या फ्रेमा बसलेल्या. माझ्याही नाकावर त्याचीच. कोणी पेपर लांब धरून वाचताना दिसलं की हा रस्ता ओलांडून त्याच्याजवळ जाणार आणि म्हणणार, "या की एकदा दुकानात. डोळ्यांची कसली लाज?" कोणाला मोतीबिंदू निघाला, तर ऑपरेशनला धीर द्यायला हाच पुढं. "काही होत नाही हो! मुंगी चावते तेवढंसुद्धा नाही." ज्यांना तो हे सांगायचा ते बिचारे जाऊन ऑपरेशन करून यायचे आणि येऊन त्याच्याच दुकानातून काळा चष्मा न्यायचे. स्वतःचं नाक मात्र त्यानं मोकळं ठेवलं होतं. ते वर ठेवायला सोपं जात असावं.

कारण दुकान होतं पोटापुरतं. नाव होतं ते होडीमुळं.

आमची नदी म्हणजे बडा घर पोकळ वासा. पुलावरून बघाल तर छाती दडपेल, आणि खाली उतरून बघाल तर मधोमध एखादं कुत्रं आरामात चालत पलीकडं निघालेलं दिसेल. तिच्यात बास नावाचा मासा आहे. अंगानं हिरवट, स्वभावानं आळशी, आणि तोंड एवढं मोठं की आ वासला तर आपली मूठ आत जावी. आमच्या ओळखीत हे वर्णन लागू पडेल अशी दोन माणसं आहेत, पण आज विषय माशाचा आहे. तर हा मासा बसतो कुठं, तर वरच्या डोहात, पडलेल्या झाडांच्या सावलीत. आणि त्या डोहाकडं जायचं तर मधला उथळ पट्टा पार करावा लागतो. त्याला आम्ही चाळण म्हणतो. सगळीकडून दगड वर आलेले, आणि त्यातून होडीपुरती एकच वाट, तीही नागमोडी.

चष्मेवाल्याची होडी पत्र्याची, सपाट बुडाची. मागं छोटी मोटार, आणि ती वळवायला मोटारीलाच एक दांडा. होडीचं नाव म्हैस, कारण उथळ पाणी दिसलं की तिला बसावंसं वाटतं. या म्हशीला चाळणीतून वर नेऊन परत आणणारा गावात हा एकटाच. बाकीचे खालच्या पाण्यात गळ टाकून बसायचे आणि याला वर जाताना बघून सुस्कारे सोडायचे. "काय हात आहे!" म्हणायचे.

हात होता, यात वाद नाही. पण तो कोणाचा, हे कोणी नीट पाहिलं नव्हतं.

होडीत पुढच्या टोकाला वहिनी बसायच्या. वहिनी म्हणजे चष्मेवाल्याची बायको. घरी ही दोघं नळ कोणी उघडा ठेवला यावरून जेवण थंड होईपर्यंत भांडतात. होडीत मात्र चिडीचूप. मोटारीच्या घरघरीची माशाला सवय झालेली, पण पत्र्याच्या होडीत डब्याचं झाकण पडलं तरी खालचा मासा पळतो, त्यामुळं बोलायची सोयच नव्हती. वहिनी नुसता हात दाखवायच्या. डावा हात बाहेर, म्हणजे डावीकडं घ्या. पंजा उभा, म्हणजे हळू. मूठ वर, म्हणजे मोटार उचला, खाली दगड आहे. पाण्याचा रंग, पाण्याची सुरकुती, भोवरा, सगळं त्या वाचायच्या आणि हा मागून दांडा फिरवायचा. कोणी विचारलंच, तर सांगायचा, "तिला पुढं बसवतो. तोल राहतो."

हे ऐकून वहिनी हसायच्या. त्यांना काही फरक पडत नव्हता, निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

गडबड सुरू झाली ती पिनांपासून. मोटारीच्या पंख्यात एक बारीक पितळी पिन असते. पंखा दगडावर आपटला की आधी ती पिन मोडते आणि मोटार वाचते. प्रत्येक घरात असं एक माणूस लागतंच, भांडण झालं की आधी मोडणारं. आमच्या घरात ते काम माझ्याकडं आहे. तर मोडलेली पिन काढायची, नवी घालायची, पुढं निघायचं. चष्मेवाल्याला अख्ख्या हंगामात कधी एखादी पिन लागायची. आणि आता एके दिवशी हार्डवेअरवाला मला दुकानाच्या पायरीवर गाठून हळूच म्हणतो, "तुमचा दोस्त पिना खातो की काय? परवा मूठभर नेल्या, आज परत आला."

ही बातमी मी कोणाला सांगितली नाही. फक्त वहिनींना सांगितली.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाल्या. "त्यांना माझा हात दिसत नाही, भाऊजी. मी डावा काढते तेव्हा बघतच बसतात. होडी आपटते आणि मग म्हणतात, अगं सांगायचं नाहीस का! मागच्या खेपेला मी ओव्हनचा लाल हातमोजा घालून बसले. एवढा मोठा, जाडजूड. तर विचारतात काय, हात भाजला का गं?"

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

"पुढच्या आठवड्यात नात येतेय," त्या म्हणाल्या. "यांनी तिला फोनवर कबूल करून टाकलंय, तुझा पहिला बास या सुट्टीत, माझ्या होडीत. ती तिकडं सगळ्यांना सांगत सुटलीय. आणि मी त्या पोरीला या माणसाच्या होडीत बसवणार नाही. मला पोहता येतं, म्हणून मी बसते."

दुकानात जाऊन त्यांनी सरळ विषय काढला. मी तेव्हा तिथंच होतो, फ्रेमचा स्क्रू घट्ट करायच्या निमित्तानं. स्क्रू सैल झालेला नव्हता.

"तो समोरचा तक्ता वाचून दाखवा," वहिनी म्हणाल्या.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, वर मोठं अक्षर आणि खाली मुंगीएवढी? चष्मेवाल्यानं खुर्चीत मागं टेकून, एक डोळा झाकून, शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. मधे श्वासही घेतला नाही.

"बघितलंस?" मला म्हणाला.

"जन्मभर गिऱ्हाइकांकडून तेच म्हणून घेताय," वहिनी म्हणाल्या. "झोपेतही म्हणाल." त्यांनी तक्ता उतरवला आणि त्याच खिळ्यावर शेजारचं कॅलेंडर टांगलं. "आता ही तारीख वाचा."

चष्मेवाल्यानं मान पुढं काढली, मग मागं घेतली. शेवटी फार विचार करून म्हणाला, "सुट्टीची आहे."

मी स्क्रूकडं बघत राहिलो. दोस्त असला तरी काही वेळा माणसानं तोंड खाली घालावं.

"दुकानातलं वेगळं," तो आता चिडला. "नदीवर मला डोळे लागतच नाहीत. ती वाट माझ्या अंगात आहे. बिनडोळ्यांचा जाईन चाळणीतून."

"जा मग," वहिनी म्हणाल्या. "रविवारी सकाळी. मी पुढं बसेन, पण हात मांडीवर. म्हैस कुठंही न लागता वर गेली आणि खाली आली, तर पोरीला न्या तुम्ही, मी डोळ्यांचं नाव काढणार नाही. लागली, तर सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. आणि डोळे नीट होईपर्यंत दांडा माझ्याकडं. पोरीला मी नेईन."

"तू? तू कधी मोटार सुरू तरी केलीयस?"

"तुम्ही कधी करू दिलीत?"

मग चष्मेवाला म्हणाला, "कबूल."

"भाऊजी साक्षीला. मधल्या फळीवर बसतील," वहिनी म्हणाल्या. "एरवीही ते सगळ्यांच्या मधे असतातच."

रविवारी सकाळी निघालो. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता, पाणी गुळगुळीत. चष्मेवाला नवी टोपी घालून आला होता. वहिनी पुढं पाठमोऱ्या बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारख्या. मी मधे. माझ्या वजनानं होडी दोन बोटं खाली गेली, असं चष्मेवाल्यानं निघायच्या आधीच जाहीर करून ठेवलं. हरण्याची सोय आधी करून ठेवणारी माणसं मला आवडतात.

पण वर जाताना, खरं सांगतो, मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. दांडा दोन बोटांत धरलेला, डोळे अर्धवट मिटलेले. कान मात्र टवकारलेले. पाणी उथळ झालं की मोटारीचा आवाज बदलतो, जरा घोगरा होतो. तो ऐकून हा दांडा इंचभर इकडं करायचा की आवाज पुन्हा मोकळा. वळणावर बाहेरच्या अंगाला राहिला, कारण नदी तिथंच खणते. दोन दगडांमधून गेलो तेव्हा मी दोन्हीकडं हात लावू शकलो असतो. लावला नाही, पैजेत खोट नको. म्हैस कुठंही न घासता वर डोहात येऊन उभी राहिली.

वहिनींनी मागं वळून पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक होतं. ते त्यांनी लगेच पुसलं.

"बोल," चष्मेवाला माझ्याकडं बघून कुजबुजला.

"अजून खाली यायचंय," मीही कुजबुजलो.

डोहात मोटार बंद केली. पडलेल्या झाडाची सावली पाण्यावर लांब पसरली होती. चष्मेवाल्यानं गळाच्या दोरीला आमिष म्हणून रबराचा बेडूक अडकवला आणि फेकला. तो पाण्यावर टपकला तेव्हा एवढासाच आवाज झाला, 'टुप्'. मग थांबायचं. मग जरासं ओढायचं. पुन्हा थांबायचं. बासला घाई केलेली खपत नाही, सासरेबुवांसारखं आहे ते. आम्ही तिघं तसेच बसलो होतो. वहिनींनी उकडलेली अंडी सोलून पुढं केली, तीही आवाज न करता. एक लहानसा किडा पाण्यावर गोल गोल फिरत होता आणि मला आयुष्यात काहीही नको होतं. मला! ज्याला शेजारच्या घरात कोण आलं हे कळल्याशिवाय झोप लागत नाही.

एकदम पाणी फुटलं, काठी वाकली. चष्मेवाला उभा न राहता, बसल्या जागी, दोरी सैल न सोडता माशाला दमवत राहिला. मासा होडीजवळ आला तेव्हा त्यानं त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला. चांगला मोठा होता. एका हातानं तोललान, बोटांनी पाठीवरून पोटापर्यंत चाचपलान, आणि हलकेच पाण्यात सोडून दिलान.

"पोरीसाठी ठेवला," म्हणाला.

वहिनी पाण्याकडं बघत राहिल्या. पोरीचं नाव निघालं आणि त्यांनी हात मांडीवरून उचलून पुन्हा मांडीवर ठेवले. त्यांनाही तेच हवं होतं, म्हणजे पोरीनं आजोबांबरोबर यावं. फक्त दिसणाऱ्या आजोबांबरोबर.

आता परतीचं. वर जाताना अडकलात तर नदी तुम्हाला मागं ढकलून सोडवते. खाली येताना अडकलात तर तीच मागून रेटून आणखी रुतवते. त्यातून ऊन वर आलेलं. पाण्यावर नुसता चकचकाट, दगड कुठला आणि ऊन कुठलं ते मलाही कळेना, आणि माझा नंबर याच्याच दुकानातला.

इथं चष्मेवाल्याची एक युक्ती होती. चाळणीच्या शेवटच्या वळणावर वाळूचा एक दांड आहे, आणि त्याच्या टोकाशी रोज सकाळी एक बगळा उभा असतो. बगळ्याचे पाय म्हणजे नदीवरची मोजपट्टी. तो उभा आहे तिथं उथळ. त्याला डाव्या हाताला ठेवायचं आणि उजवीकडून निघायचं, तिथं खोल पाणी. याचा गुरू म्हणजे हा बगळाच.

"आहे," चष्मेवाला पुटपुटला. "जागेवर आहे."

मीही पाहिलं. उजव्या काठालगत, बुडालेल्या फांदीवर काहीतरी पांढरं होतं. होडी हळूच उजवीकडं वळली, त्या पांढऱ्याला डावीकडं ठेवायला. आणि मला वहिनींची पाठ ताठ झालेली दिसली.

त्यांचा डावा हात मांडीवरून उठला. अर्धा वर आला. तोच हात, जो इतकी वर्षं याला पार नेत आला होता. तो वर गेला असता तर होडी वाचली असती, पैज मोडली असती, आणि हा माणूस तसाच, अर्ध्या डोळ्यांनी, पोरीला घेऊन निघाला असता.

वहिनींनी हात खाली घेतला आणि त्याच्यावर बसल्या. खरंच बसल्या, दोन्ही हात मांडीखाली घालून.

पुढच्याच क्षणी खर्रर्र करून म्हैस गोट्यांवर चढली. मोटारीतून 'टक्' असा आवाज आला, पिन गेली. नदीनं मागून एक धक्का दिला आणि आम्ही छान पक्के बसलो. फांदीवर होती ती प्लॅस्टिकची पांढरी पिशवी. वाऱ्याची झुळूक आली तशी ती फुगली आणि पुन्हा चपटी झाली. आणि खरा बगळा? तो डावीकडं, आपल्या नेहमीच्या जागी, आमच्याकडं तुच्छतेनं बघत उभा होता.

चष्मेवाला पाण्यात उतरला. पाणी घोट्यापर्यंतच होतं. मीही उतरलो. साक्षीदाराला ढकलावं लागेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

"बगळा होता ना तो?" त्यानं शेवटी विचारलं. हळू, माझ्याकडं न बघता.

खोटं बोलायला मला कधीच जड जात नाही. त्या दिवशी गेलं.

"पिशवी होती," मी म्हणालो.

तो तसाच उभा राहिला, पँटचे काठ भिजलेले, हात दांड्यावर. वहिनी पुढून उठून त्याच्याजवळ येऊन बसल्या.

"हात काढणार होतीस," तो म्हणाला. "पाहिलं मी."

"तेवढं बरं दिसलं?"

"तेवढं दिसलं." मग, "सगळ्यांना मी सांगतो, काही होत नाही, मुंगी चावते तेवढंसुद्धा नाही. मला काय ठाऊक? मी काय करून बघितलंय? डोळ्यात सुरी घालतात गं."

मी बगळ्याकडं बघत राहिलो. नवराबायकोच्या बोलण्याकडं कान द्यायला बघायची गरज नसते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "काही होत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मलाही काही ठाऊक नाही. पण तुम्ही सांगितलंत की लोक जातात ना? मग मी सांगते, तुम्ही जा."

तो हसला. थोडंसंच, पण हसला. मग खिशातून नवी पिन काढून पाण्यात वाकला आणि न बघता, नुसत्या बोटांनी, जुनी काढून नवी बसवलीन. तिघांनी रेटून म्हैस खोल पाण्यात आणली. चष्मेवाला सवयीनं मागं चढायला गेला, थांबला, आणि पुढं जाऊन बसला. वहिनींनी मोटारीची दोरी ओढली. पहिल्या ओढीत काही झालं नाही. दुसऱ्या ओढीत माझी टोपी नदीत गेली. तिसऱ्या ओढीत मोटार सुरू झाली आणि आम्ही सरळ मागं निघालो.

"पुढं! अगं पुढं!"

"ओरडू नका. मासे पळतील."

सोमवारी चष्मेवाला डॉक्टरकडं गेला. एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं, दुसऱ्याचं थोडं थांबून करू म्हणाले. मी भेटायला गेलो तर डोळ्यावरची पट्टी निघालेली. माझ्याकडं बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणतो, "अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास?" यासाठी लोक ऑपरेशन करून घेतात! डोळ्यांत औषध घालता घालता म्हणाला, "खरंच मुंगी चावते तेवढंसुद्धा नाही रे. खोटं सांगत नव्हतो मी इतकी वर्षं. नुसतं ठाऊक नव्हतं."

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा पोरीची सुट्टी संपत आली होती. सकाळी घाटावर तिघं जमले. मी निरोप द्यायला गेलो होतो, म्हणजे बघायला. चष्मेवाला दुकानातला सगळ्यात रुबाबदार काळा चष्मा लावून सरळ दांड्याकडं निघाला.

"दुसरा डोळा राहिलाय," वहिनी म्हणाल्या.

"एकानं लख्ख दिसतंय मला!"

"डोळे नीट होईपर्यंत, असं ठरलं होतं. डोळे. भाऊजी, सांगा."

मी सांगितलं. चष्मेवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला पुढच्या चष्म्याची काळजी वाटली. पण तो पुढच्या टोकाला जाऊन बसला. पोर मधे, लाइफ जॅकेट घालून, काठी छातीशी धरून. वहिनींनी मोटार सुरू केली, एका ओढीत. मला माहीत आहे, रोज संध्याकाळी त्या खालच्या पाण्यात सराव करत होत्या. हे मला हार्डवेअरवाल्यानं सांगितलं. त्या पिना नेत होत्या.

होडी चाळणीच्या तोंडाशी गेली तेव्हा मी काठानं थोडं पुढं चालत गेलो. पुढच्या टोकाला चष्मेवाल्याचा डावा हात बाहेर आला. मग पंजा उभा झाला. मग मूठ. मागून मोटार उचलली गेली, खाली आली. होडी दगडांतून कापडात सुई जावी तशी गेली आणि वळणापलीकडं दिसेनाशी झाली.

परत आले ते दुपार व्हायच्या आत. पोरीनं एक बास आणला होता, तिच्या पंज्यापेक्षा जरासाच मोठा, पण ती तो असा धरून उतरली की जणू नदीच उचलून आणलीय. घाटावर जमलेले, मीही त्यांच्यात, कौतुक करायला पुढं सरसावलो. एकानं विचारलं, "चाळणीतून कोण घेऊन गेलं गं तुला?"

पोर बोलायच्या आत चष्मेवाला होडीतून उतरता उतरता म्हणाला, "मी! मागचा नुसता दांडा फिरवतो. होडी चालवतो तो पुढं बसलेला माणूस."

बोलून गेला आणि मग थबकला. आपण काय बोललो ते आता त्याच्या ध्यानात आलं होतं. काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे मला दिसले नाहीत, पण कान लाल झालेले दिसले.

वहिनींनी मोटार बंद केली. इतकी वर्षं त्या काय ऐकायला थांबल्या होत्या ते मला त्यांचा चेहरा बघून कळलं.

"परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या, "यांना नीट ऐकू आलं नसेल."

त्यानं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी जरा मोठ्यानं.